बिनपापणीची

सिनेमाच्या जुन्या लेन्स जमवणाऱ्यांच्या दरबारात हिला कोणी पाट मांडत नाही. तिथे मान कॅमेऱ्याच्या लेन्सना. लेस्टरची कुक स्पीड पँक्रो आली की मंडळी सरसावून बसतात. फ्रान्सच्या आंजेन्यूची झूम आली तरी खुर्ची मिळते. ही पडली प्रोजेक्टरची. दुसऱ्यांनी टिपलेलं गेटमधून आलं की मोठं करून पडद्यावर टाकायचं, एवढाच हिचा धंदा.

नळकांडं ॲल्युमिनियमचं, सत्तरेक मिलिमीटर जाड, ३५ मिलिमीटरच्या मशीनमध्ये बसणारं. फोकसची कडी नाही. मशीनच्या पकडीत अख्खी लेन्सच पुढेमागे सरकवायची. कॅमेऱ्याची लेन्स उजेड पाहून डोळे बारीक करते. हिला पापणीच नाही. कार्बनच्या काड्यांचा झगझगीत जाळ पाठीशी घेऊन तीन तास सताड उघडी.

ही तंबूतली. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीच्या काठी. घोड्यांच्या बाजारासाठी तिचं नाव दूरवर झालं, पण पोरासोरांचे पाय वळत ते तंबू टॉकीजकडे. हिच्या अंगावर फोकल लांबी कोरलीय, १२५ मिलिमीटर. फिल्मवरच्या चित्राची रुंदी जेमतेम २१ मिलिमीटर. म्हणजे मशीन पडद्यापासून जितकं लांब, त्याचा साधारण सहावा हिस्सा चित्र रुंद. ६० फुटांवर १० फूट, ९० फुटांवर १५. शहरातल्या थेटरात हा हिशेब एकदाच होई. तंबूवाल्याला तो दर यात्रेत नव्याने करावा लागे, तोही पावलं टाकून. शेजारच्या पाळणेवाल्याने जागा दाबली की इकडे नायिका दोन फुटांनी बारीक.

वय काढण्याची विद्या मात्र गमतीची आहे. कोडॅकने आपल्या एक्टार लेन्सच्या नंबराआधी दोन अक्षरं घातली. ती ‘कॅमेरॉसिटी’ या दहा इंग्रजी अक्षरांच्या शब्दातून घ्यायची: सी म्हणजे १, ए म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि वाय म्हणजे शून्य. ‘ई’ आणि ‘ओ’ दिसलं की ४ आणि ६, साल १९४६. बऱ्याच रशियन लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे सरळ सालाचेच. संग्राहक असल्या किल्ल्या तोंडपाठ ठेवतात.

हिच्यापुढे कुठलीच किल्ली चालत नाही. कंपनीचं नाव नि नंबर घासून गेलेत. ‘वेस्ट जर्मनी’ तेवढं तिरकं धरल्यावर वाचता येतं. तो देश १९४९ साली झाला आणि १९९०मध्ये उरला नाही, म्हणून ही त्यामधली. काचेवर जांभळट झाक आहे, परावर्तन रोखणाऱ्या लेपाची. झाइस या जर्मन कंपनीतल्या स्माकुलाने १९३५ साली त्याचं पेटंट काढलं आणि युद्धानंतर तो सर्रास झाला. त्यामुळे आपला सालाचा हिशेब तसूभर पुढे सरकत नाही.

तोंडाशी एक पितळी कडी आहे. ती कारखान्याची नव्हे, इकडच्याच कुठल्या लेथवर कापलेली. आटे ओबडधोबड. पुढे स्कोपचा जोड अडकवायची ही सोय. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. स्कोपमध्ये फिल्मवर चित्र आडवं दाबलेलं असतं. जोड त्याला पुन्हा दुप्पट ताणतो. ऑपरेटर जोड लावायला विसरला की घोडा उंटाएवढा उंच दिसायचा, नायक बांबूसारखा, आणि पहिल्या शिट्टीआधीच तंबूतून ओरडा सुरू. एवढं मात्र कडी सांगते की ही आली तेव्हा फ्लॅट चित्रांसाठी आली आणि स्कोप तिने मागाहून शिकून घेतला.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो समोरच्या काचेचा मधला भाग. कडेला जांभळा लेप शाबूत, मध्ये जवळजवळ पांढरा. रोज संध्याकाळी कोणीतरी सदऱ्याच्या टोकाने पुसलंय. यात्रेच्या मैदानातली धूळ आणि नंदुरबारात मुक्काम पडला तर मिरचीच्या पथारींवरून उडालेली लाल भुकटी, काचेवर घासत घासत. बाजारात अशा ओरखड्यांनी भाव पडतो. पडो. कपाटात झोपून काढलेल्या निष्कलंक लेन्सचं मला फारसं कौतुक नाही. आतल्या दोन काचा जोडणारा डिंक मात्र कडेला सुटायला लागलाय, इंद्रधनुषी कडा दिसते. हे काम उष्णतेचं आणि त्यावर सदरा चालत नाही.

रिळांच्या पेट्या गेल्या, डिजिटल आलं आणि अशी मशीनं भंगारात किलोवर गेली. आता हौशी पोरं याच लेन्स डिजिटल कॅमेऱ्यांना अडकवतात. मागचं सगळं विरघळून जातं म्हणे, एवढंसं काहीतरी स्पष्ट राहतं. त्यामुळे विकणाऱ्यांनाही हुरूप आलाय. चिठ्ठीवर साल लिहिलं की भाव चढतो. हिच्या चिठ्ठीवर मी ‘१९४९ ते १९९०’ एवढंच लिहीन. कोणी छातीठोकपणे १९५४ सांगू लागला, तर त्याच्याकडून बाकीचंही काही घेऊ नये.