चारही चाकं सारखी

आमच्याकडे 2002 सालची सुबारू आउटबॅक आहे. ऑटोमॅटिक, पावणेदोन लाख मैल चाललेली. इथे कोलोराडोच्या बर्फात चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवीच, आणि नवीन घ्यायचं म्हटलं की खिसा नको म्हणतो. म्हणून जमेल तेवढी दुरुस्ती मी घरासमोरच, रविवारी, जुनी पँट घालून करतो. बायको याला 'साप्ताहिक कीर्तन' म्हणते.

तर झालं असं, की ऑक्टोबरात पुढचा एक टायर बाजूने फाटला. चारही बदलायचे म्हणजे मोठा खर्च. मी हुशारी केली. पुढे दोन नवीन घातले आणि मागचे अर्धे झिजलेले तसेच ठेवले. महिनाभर सगळं ठीक. मग एक दिवस पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर गाडी अडखळायला लागली. मागून कुणी हँडब्रेक ओढून धरावा तशी!

रविवारी सांगलीला फोन असतो. आईशी बोलून झालं की दादाशी. त्याने बरीच वर्षं साखर कारखान्याची जिप्सी चालवली आहे. त्याला सांगितलं, तर लगेच म्हणाला, "अरे, जिप्सीत फोर व्हील टाकून कोरड्या डांबरीवर वळलं की हेच व्हायचं. चिखलात चाकं जरा घसरतात, म्हणून भागतं. डांबरीवर घसरणार कुठे? सगळा ताण आतल्या गिअरांवर. तुझी चारही चाकं सारखी आहेत ना?"

मी गप्प.

दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन टायरांचा घेर मोजला. नवीन 212 सेंटीमीटर, जुना 209. फरक चालतो 6 मिलिमीटर, माझा होता 30! हिशोब सोपा आहे. नक्षी 1 मिलिमीटर झिजली की घेर सुमारे 6 मिलिमीटर कमी होतो. म्हणजे माझी मागची चाकं पुढच्यांपेक्षा दर किलोमीटरला सुमारे 7 फेरे जास्त फिरत होती. हा फरक सोसतो कोण? गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला क्लचच्या चकत्या असतात, त्या. त्या सतत घासतात, तेल तापतं, आणि शेवटी त्या सुटायच्या वेळी सुटत नाहीत.

अशी जुनी गाडी असणाऱ्यांसाठी, मी काय केलं ते सांगतो. या ऑटोमॅटिकमध्ये बॉनेटखाली 'एफडब्ल्यूडी' लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. तिथे फ्यूज लावला की मागची चाकं सुटतात आणि समोर दिवा लागतो. फ्यूज लावून तसंच वळून बघितलं. अडखळणं बंद! म्हणजे दुखणं त्या क्लचमध्येच होतं. मग आधी चार सारखे टायर घातले (जी बचत केली होती ती व्याजासकट गेली). नंतर गिअरबॉक्सचं तेल बदललं. एका वेळी निम्म्याहून कमीच तेल बाहेर येतं, म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा, असं तीनदा. सांभाळायचं एकच. पुढच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं, त्याची डिपस्टिक आणि खालचा बोल्टही वेगळा. चुकीचा बोल्ट उघडून डिफरन्शियल कोरडं करणारे पुष्कळ आहेत. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका, खाली स्टँड लावाच. एकच चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाकू नका, जमिनीवरची चाकं तिला जॅकवरून ढकलून देतील.

मग रिकाम्या पार्किंगमध्ये फ्यूज काढून हळूहळू इंग्रजी आठचे आकडे काढले. तिसऱ्या वेळच्या तेलानंतर गाडी लोण्यासारखी वळली. हुश्श! नसती वळली तर मागचं टोक उघडून चकत्या बदलाव्या लागल्या असत्या. आता दर 5-6 हजार मैलांना चाकं पुढची मागे, मागची पुढे करायची. म्हणजे चारही सारखी झिजतील.

सगळं छान झालं, पण दादाचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आई पडली त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत दादा-वहिनी दोघं मिळून एक रात्रही घराबाहेर राहिलेले नाहीत. त्या दिवशी फोनवर त्याचा आवाज थकलेला होता, आणि मी त्याला माझ्या गाडीचं रडगाणं ऐकवत होतो. मी दर महिन्याला पैसे पाठवतो आणि रविवारी फोन करतो. म्हणजे माझ्या टायरची नक्षी अजून नवीकोरी आहे. घर एकच, पण झिजतंय एकच चाक. आणि असं चाललं की आवाज लगेच येत नाही. महिनाभर सगळं ठीक वाटतं.

दादा, तू हे वाचशीलच. फोनवर सांगितलं असतं तर "कशाला उगाच रजा घालवतोस" म्हणाला असतास, म्हणून इथे लिहितोय. जानेवारीचं तिकीट काढलंय, सहा आठवड्यांचं. आईची औषधं, अंघोळ, रात्रीचं उठणं, सगळं वहिनीने मला दोन दिवस शिकवावं आणि मग तुम्ही दोघांनी कोकणात जावं. रोज फोन करायचा नाही.

इथली काळजी नको. गाडीला चारही टायर नवीन आहेत.