वीस मिनिटांची मजुरी

मजुरी देताना माणसाचा खरा स्वभाव कळतो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. वस्तूची किंमत आपण निमूटपणे मोजतो. तिच्यात लोखंड असते, काच असते, रंग असतो, कारखान्याचा शिक्का असतो. पण तीच वस्तू घरात बसवून देणाऱ्याने पैसे सांगितले की आपल्यातला हिशेबनीस खडबडून जागा होतो. एक माणूस यावयाचा, पान्याने दोन नट फिरवावयाचे, आणि हात पुढे करावयाचा! ‘एवढेच तर काम!’ हे वाक्य मी आजवर सुतारापासून घड्याळजीपर्यंत सगळ्यांना ऐकवलेले आहे, आणि त्यातल्या काहींनी त्यावर पाच-दहा रुपये सोडलेलेही आहेत. त्याचा मला अभिमान होता.

2023 च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलीकडे लंडनला गेलो. मुलगी राहते पूर्व लंडनमध्ये, ईस्ट हॅमला. एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या जुन्या घरांच्या ओळीतले एक घर. कोपऱ्यावर दाक्षिणात्य खानावळ, पलीकडे कढीपत्ता आणि अळूची पाने मिळणारे दुकान. पंधरा दिवसांत सौभाग्यवतींना पुणे आठवेनासे झाले. फक्त स्वयंपाकघरातली शेगडी तेवढी इंग्रजी होती. तिकडची शेगडी म्हणजे आपल्याकडच्यासारखी ओट्यावर ठेवण्याची वस्तू नव्हे. ती एखाद्या कपाटासारखी जमिनीवर उभी असते. वर चार चुली, खाली भट्टी. घर विकत घेतले तेव्हा आधीच्या मालकाने ही शेगडी घराबरोबरच ठेवून दिली होती. चारांपैकी दोन चुली पेटत नव्हत्या आणि तिसरी स्वतःच्या मर्जीने विझत होती.

“एका चुलीवर दिवाळीचा फराळ व्हायचा नाही,” सौभाग्यवतींनी दसऱ्यालाच निकाल दिला. जावयांनी त्याच रात्री नवी शेगडी मागवली. किंमत चारशे ऐंशी पौंड. मी काही बोललो नाही. वस्तूची किंमत, म्हटले. दोन दिवसांनी ती दारात आणून ठेवून माणसे निघून गेली. मग कळले, बसवायचे वेगळे पडतात. तीन ठिकाणी विचारून त्यातल्या एकाला ठरवले होते. एकशे वीस पौंड.

मी मनातल्या मनात रुपये केले. परदेशी गेलेल्या आमच्या पिढीच्या माणसाला हा रोग असतो. पाव घेतला तरी रुपये केल्यावाचून तो घशाखाली उतरत नाही. बारा हजारांच्या वर रक्कम गेली. पुण्यात एवढ्या पैशांत दोन उत्तम शेगड्या येतात आणि वर मिस्त्रीला चहा पाजता येतो.

मी जुन्या शेगडीच्या मागे डोकावून पाहिले. भिंतीतून एक नळी आलेली, तिच्या टोकाला एक खटका. आपण बल्ब होल्डरात बसवतो ना, दाबायचा आणि फिरवायचा, अगदी तसा. मी जावयांना म्हटले, “अहो, यात बारा हजारांचे काय आहे? मीच बसवून देतो. एवढेच तर काम!”

“बाबा, इथे तसं चालत नाही,” मुलगी घाईने म्हणाली.

सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण निवडण्याचा हात थांबलेला मला दिसला.

शनिवारी सकाळी गॅसवाला आला. साठीच्या आसपासचा, टक्कल पडलेला, त्याच भागात जन्मलेला गोरा माणूस. आल्याबरोबर त्याने खिशातून स्वतःच्या छायाचित्राचे एक कार्ड काढले आणि मुलीला दाखवले. मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामे करावयाची परवानगी आहे, त्यांची यादी होती. पैसे घेऊन गॅसचे काम करणाऱ्याचे नाव तिथे सरकारमान्य नोंदवहीत असावेच लागते. पूर्वी ही नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘कॉर्गी’ असा होई. राणीच्या कुत्र्यांची जातही तीच, त्यामुळे घरी कॉर्गी येणार आहे म्हटल्यावर लहान मुलांची काय निराशा होत असेल, ते सांगायला नको. 2009 च्या एप्रिलपासून ते काम ‘गॅस सेफ’ या नावाने चालते.

मी घड्याळ लावून समोर खुर्ची टाकून बसलो. बारा हजार रुपये कसे मिळवतात, ते मला पाहावयाचे होते.

त्याने शेगडीला हातच लावला नाही. आधी तो जिन्याखालच्या मीटरपाशी गेला. तिथे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची एक पारदर्शक नळी त्याने रबरी नळीने जोडली. यूमध्ये पाणी होते आणि बाजूला पट्टी. गॅसच्या दाबाने एका बाजूचे पाणी खाली गेले, दुसरीकडचे वर चढले. मग त्याने मीटरचा कॉक बंद केला आणि हाताची घडी घालून त्या पाण्याकडे पाहत उभा राहिला. एक मिनिट. दोन मिनिटे. पाणी हलत नव्हते. तोही हलत नव्हता. मला वाटले, हा डुलकी काढतो आहे.

नंतरचे काम मात्र भराभर झाले. जुनी शेगडी ओढली, खटका सोडवला, भिंतीवरची नळी चाचपली, आणि ती जुनी झालेली म्हणून नवी लावली. नवी शेगडी सरकवली. पाणसळ ठेवून तिचे पाय खालीवर केले. भट्टीच्या उघड्या दारावर वजन पडले तरी शेगडी पुढे कलंडू नये, म्हणून मागून भिंतीला साखळी अडकवली. हे सारे मिळून वीस मिनिटे. यात मला न जमण्यासारखे काही नव्हते, असे मी मनाशी नोंदवले.

आणि मग तो पुन्हा त्या नळीपाशी जाऊन उभा राहिला. पुन्हा तेच पाणी, तीच हाताची घडी. त्यानंतर सांध्यांना कुंचल्याने साबणासारखे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. मग एकेक चूल पेटवली, बारीक केली, भट्टीचे दार धाडकन लावले, ज्योत टिकते का पाहिले. शेवटी त्याने फुंकर घालून ती विझवली आणि कानोसा घेत उभा राहिला. थोड्या वेळाने आत ‘टक्’ असा आवाज झाला. ज्योत गेली की गॅस आपोआप बंद होतो, तो तो आवाज.

मला राहवेना. माझ्या कारकुनी इंग्रजीत मी विचारले, “कामापेक्षा तुमचे उभे राहणेच जास्त वेळ चालते, नाही का?”

तो रागावला नाही. खिडकीबाहेर नैऋत्येला बोट दाखवून म्हणाला, “रोनन पॉइंट. मी तेव्हा लहान होतो.” एवढेच बोलून तो हत्यारे पुसू लागला.

पुढे दोन दिवस मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून ती हकिकत वाचली. ईस्ट हॅमहून दूर नाही, कॅनिंग टाउन. तिथे रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत 1968 च्या मार्चमध्ये राहायला खुली झाली. सिमेंटच्या तयार भिंती एकावर एक रचून बांधलेली. 16 मे 1968 ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरची एक बाई चहा करावयास उठली आणि तिने काडी ओढली. खोलीत गॅस साठला होता. स्फोटाने बाहेरच्या भिंती उडाल्या, आणि त्यांच्या आधारावर उभ्या असलेल्या वरच्या खोल्या कोसळल्या. वरचे ओझे खाली आदळत गेले आणि इमारतीचा एक कोपराच्या कोपरा तळापर्यंत ढासळला. चार माणसे गेली, सतरा जखमी झाली. चौकशीत सापडले काय, तर शेगडीला नळी जोडणारा पितळेचा एक नट. त्याची कड असावी त्याहून पातळ होती, ती तुटली होती. नट बहुधा दोन बोटांत मावेल एवढा असेल.

काडी ओढणारी बाई मात्र वाचली. शेगडीही शाबूत राहिली, आणि नव्या घरी जाताना ती तीच शेगडी बरोबर घेऊन गेली, असे सांगतात. या माहितीचे मला जितके हसू आले तितकेच वाईटही वाटले. गरिबाघरची बाई, शेगडी चांगली होती, टाकील कशाला?

1970 मध्ये ती नोंदवही सुरू झाली, ती या दुर्घटनेनंतर. आधी ऐच्छिक होती, 1991 पासून सक्तीची झाली. इमारत डागडुजी करून पुन्हा उभी केली होती, ती 1986 मध्ये पाडली.

1986 हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटले.

त्या वर्षी पुण्यात आमच्याकडे गॅस आला. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तोवर घरात वातीचा स्टोव्ह. गॅस येणार म्हटल्यावर शेजारच्या बायका पाहायला आल्या होत्या. शेगडी मी ओळखीच्या दुकानातून स्वस्तात आणली. ती जोडून द्यायला मिस्त्री पंधरा रुपये मागत होता. मी म्हटले, एवढेच तर काम! मेहुण्याकडची एक जुनी रबरी नळी होती. ती कडक झाली होती, तोंडावर चढेना, म्हणून गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि दाबून बसवली. वर पकड लावायची असते, ती लावली नाही. संध्याकाळी चहा झाला. शाबासकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सौभाग्यवतींनी सिलिंडरचा कॉक उघडला आणि दुधाचे पातेले आणायला गेल्या. त्यांना सर्दी झालेली होती, वास कळला नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, ओट्याखाली साचून राहतो. त्यांनी काडी ओढली तेव्हा जाळ शेगडीतून न येता पायाखालून आला. पदर त्यांनी झटकन ओढून टाकला, म्हणून निभावले. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, आतल्या खोलीत झोपली होती.

दवाखान्यात मी सांगितले, नळी सदोष निघाली. सासुरवाडीला तेच सांगितले. त्या काळी सुनेला भाजले म्हटले की लोक स्टोव्हचा भडका आठवून नवऱ्याच्या तोंडाकडे वेगळ्याच नजरेने पाहत. माझ्याकडेही पाहिले. त्या वेळी अंथरुणातून सौभाग्यवतीच म्हणाल्या, “माझ्याच हातून तेल उडालं.” तेव्हापासून तीच हकिकत घरात चालू झाली. मुलीलाही तीच ठाऊक. मिस्त्रीने पैसे सांगितले होते आणि मी त्याला परत पाठवले होते, हे त्यांना माहीत नव्हते. मी कधी सांगितले नाही. सदतीस वर्षांत तसा प्रसंग आला नाही, असे मी स्वतःला समजावीत आलो.

ईस्ट हॅमच्या त्या स्वयंपाकघरात गॅसवाल्याने पावती लिहून टेबलावर ठेवली. जावई पैसे काढणार, तोच सौभाग्यवती पुढे आल्या. मुलीला म्हणाल्या, “त्यांना विचार, ते पाण्याचं आणखी एकदा करतील का. वेगळे पैसे पडले तर मी देते.”

मुलीने संकोचत विचारले. गॅसवाल्याने त्यांच्याकडे पाहिले. पदराखालून उजवा हात बाहेर आला होता, त्याच्याकडेही पाहिले असावे. त्याने काही विचारले नाही. पेटी उघडली, नळी पुन्हा काढली, मीटरपाशी जाऊन जोडली. या वेळी सौभाग्यवती त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघेही त्या पाण्याकडे पाहत होते. मीही उठून मागे उभा राहिलो. दोन मिनिटे फार लांब असतात. पाणी हलले नाही. त्याने जादा पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.

वाचनालयातून परतलो त्या संध्याकाळी चकल्या चालल्या होत्या. चारही चुली पेटल्या होत्या. मुलगी सोऱ्या दाबत होती. कढईतून तेलाचा एक थेंब उडाला तशी ती म्हणाली, “आई, जप! मागे एकदा तेलानं भाजून घेतलंस तेवढं पुरे.”

मी दारातच होतो. म्हटले, “ते तेलानं नव्हतं.” आणि मग जुनी नळी, गरम पाणी, न लावलेली पकड, परत पाठवलेला मिस्त्री, सगळे क्रमाने सांगितले. मुलीच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. “पंधरा रुपये वाचवले मी,” मी म्हणालो.

सौभाग्यवतींनी कढईतली चकली उलटली.

“बारा,” त्या म्हणाल्या. “पंधरा मागत होता, पण जिन्यात मला म्हणाला, वहिनी, साहेबांना सांगा, बारा द्या.” मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “अगं, दाब ना, तेल तापलंय.”