पंधरा वर्षांचा शिपाई

बेल्जियममधील ईप्र गावातून उत्तरेकडे कालव्याच्या काठाकाठाने चालू लागले, की ‘एसेक्स फार्म’ ही लष्करी दफनभूमी लागते. प्रवासी येथे बहुधा कवितेसाठी येतात. पहिल्या महायुद्धात, मे १९१५ मध्ये, जॉन मॅक्रे या कॅनेडियन डॉक्टराने खसखशीच्या फुलांवरील आपले प्रसिद्ध काव्य लिहिले ते येथेच. मराठीच्या मास्तराचे पाय तिकडे वळले नाहीत तरच नवल!

पाय थबकले ते मात्र एका कबरीपाशी. एकाच मापाचे हजारावर पांढरे दगड. याच्यापुढे तेवढी कापडी अस्वले आणि फुले यांची दाटी. दगडावर नाव स्ट्रडविक, मृत्यू १४ जानेवारी १९१६, वय १५.

हा इंग्लंडातल्या डॉर्किंगचा पोरगा. भरती झाला तेव्हा १४ वर्षांचा. कायद्याने भरतीला १८ वर्षे हवीत, परदेशी लढायला १९. पण जन्माचा दाखला कोणी मागतच नसे. शिवाय भरती करणाऱ्याला माणशी बक्षिसी! आपल्याकडेही शाळेत नाव घालताना मास्तर जन्मतारीख पुढेमागे करीत. त्याने फार तर नोकरीचे वर्ष इकडेतिकडे होई. इथे पोरे वय वाढवून सांगत, आणि टेबलामागच्या मिशाळ गृहस्थांना ते खरे वाटे. ओठांवर मिसरूड नाही, हे त्यांना दिसत नव्हते थोडेच?

१८ वर्षांखालील मुलांना लढाईत उतरवू नये, असा आंतरराष्ट्रीय करार २००० साली झाला. ब्रिटनच्या सैन्यात मात्र आईवडिलांच्या संमतीने सोळाव्या वर्षी आजही नाव घालता येते.