मीटर काय सांगतो, काय नाही

मागे ८ ओहम छापलेल्या स्पीकरला मल्टिमीटर लावला की आकडा येतो सहाच्या आसपास. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गेला! पण तो ठणठणीत असतो. छापलेला आकडा गाण्याच्या, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणाऱ्या अडथळ्याचा. मीटर मोजतो तो नुसत्या कॉईलच्या तारेचा. तो कमीच भरतो. ८ ओहमला साधारण साडेपाच ते सात, ४ ओहमला तीन-साडेतीन. ८ वाल्याने दोन-अडीच दाखवले, तर मात्र कॉईलचे वेढे आतून एकमेकांना चिकटलेत समजा. असला स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरलाही घेऊन बुडू शकतो.

हे सगळं परवा मामीकडे कामाला आलं. मामा गेल्यापासून त्यांच्या स्पीकरच्या जोडीला कुणी हात लावला नव्हता. "धड वाजत नाहीत रे. भंगारात द्यायच्या आधी तू एकदा बघ," मामी म्हणाली.

बॉक्समध्ये जोडलेल्या अवस्थेत मोजू नये. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो मीटरची वीज अडवतो आणि चांगला ट्वीटरही मेलेला दिसतो. म्हणून आधी वायरी सोडवल्या. मग मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. ०.३ आले, ते प्रत्येक मापातून वजा करायचे.

दोन्ही ट्वीटर पास. डावा वूफर ६.१, झकास! उजवा मात्र 'ओएल', म्हणजे वीज जातच नाही. मामीचा चेहरा उतरला.

उजव्याचा पडदा बोटांनी हलकेच दाबला, तर मधूनच आकडा उमटला. (पडदा हलताना स्पीकर स्वतःच थोडी वीज तयार करतो, म्हणून आकडे नाचतात. दाबून स्थिर धरायचं, मग वाचायचं.) ६ वर थांबला. म्हणजे कॉईल शाबूत. टर्मिनलपासून पडद्याकडे जाणारी विणलेली, लवचिक तार तेवढी तुटलेली. ती बदलली, वाजला!

आणि तो झकास डावा? त्याचा पडदा चारी बाजूंनी सारखा दाबला, तर आतून खर्रर्र. कडेचा फोम कुजलेला, पडदा एका बाजूला कललेला आणि कॉईल मॅग्नेटच्या फटीत घासतेय. मीटरला यातलं काही दिसत नाही. तार अखंड आहे, एवढंच त्याला कळतं.

म्हणजे नापास झालेला अर्ध्या तासात बरा झाला आणि पहिला नंबर आलेलाच खरा आजारी निघाला. जुन्या बाजारात स्पीकर घ्यायला जाल तेव्हा मीटर जरूर न्या, पण बोटं आणि कान खिशात ठेवू नका. नुसत्या आकड्यावर विसंबलो असतो तर आम्ही चांगला टाकून आजारी ठेवला असता.

डाव्यासाठी फोमची नवी रिंग शोधतोय. कॉईल अजून घासून खराब झाली नसेल, तर तोही उठेल. भंगारवाल्याला मामीने तूर्तास रद्दीवर बोळवलंय.