सहाव्या क्रमांकाचे पेढे

आमच्या घराण्यात सहाव्या क्रमांकाचे पेढे कोणी वाटल्याचे ऐकिवात नाही. पहिल्या तिघांत आला तर पेढे आणि त्यापुढे गेला तर उपदेश, अशीच आमच्याकडची वाटणी. म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात इंग्लंडहून ताईचा फोन आला आणि “सहावे आलो रे, पेढे केलेत!” असे ती म्हणाली, तेव्हा भाच्याच्या परीक्षेत काहीतरी घोटाळा झाला असावा, अशी मला शंका आली. पण परीक्षा भाच्याची नव्हती. वेकफील्ड ट्रिनिटी या त्याच्या रग्बी लीग क्लबाची होती.

या पेढ्यांची हकीगत २०२३ च्या मे महिन्यात सुरू होते. कॉलेजला सुट्टी होती आणि ताई कित्येक वर्षे ‘ये, ये’ म्हणत होती, म्हणून यॉर्कशरमधल्या वेकफील्ड गावी मी महिनाभर राहून आलो. भावोजी तिथे डॉक्टर. भाचा तेरा वर्षांचा. आईबापांच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरे देणारा हा गडी माझ्याशी मात्र मोडक्यातोडक्या मराठीत बोले. मामा मराठी शिकवतो, याचा धाक असावा.

पहिल्याच आठवड्यात तो मला बेल व्ह्यूच्या मैदानावर घेऊन गेला. रग्बी म्हणजे चिखलातला हुतुतू, अशी माझी समजूत होती. ती फारशी खोटी ठरली नाही. एका बाजूला तेरा गडी. लंबगोल चेंडू बगलेत मारून प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवायचा. पकडले, की उठून चेंडू पायाने मागे सारायचा आणि पुन्हा धडक. सहाव्यांदा पकडले, की चेंडू दुसऱ्यांच्या स्वाधीन. गंमत अशी, की हाताने चेंडू द्यायचा तो नेहमी मागच्यालाच. पुढे जायचे तर मागच्याचा भरवसा धरावा लागतो!

त्या दिवशी वेकफील्ड हरले. त्याआधीच्या आठवड्यातही हरले होते. आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त खाणकामगार उभे होते. त्यांना पराभवाचे काही वाटत नसावे, कारण सामना चालू असतानाच त्यांनी मला क्लबाचा सारा इतिहास ऐकवला. १८७३ साली एका चर्चच्या तरुण मंडळींनी हा क्लब काढला. खेळण्यासाठी कामाचा खाडा करणाऱ्या मजुराला बुडालेली मजुरी द्यावी की नाही, यावरून पुढे भांडण झाले आणि १८९५ साली उत्तरेकडच्या क्लबांनी निराळी चूल मांडली. त्या बावीस क्लबांत वेकफील्ड होते. कादंबरीकार डेव्हिड स्टोरी याच गावचा. त्याच्या कादंबरीवरचा ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ हा १९६३ सालचा चित्रपट याच मैदानावर चित्रित झाला.

मग ते १९६८ सालावर आले. वेम्ब्लीवर चॅलेंज कपाचा अंतिम सामना, पावसाने मैदानाचे तळे झालेले. शेवटच्या क्षणी वेकफील्डने चेंडू टेकवला. लीड्स ११, वेकफील्ड १०. आता डॉन फॉक्सने खांबांच्या अगदी समोरून चेंडू मारायचा, दोन गुण घ्यायचे आणि कप घरी न्यायचा. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली होती. आणि नेमका त्याचाच नेम चुकला! “मी दहा वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावरून पाहिले,” आजोबा म्हणाले. कप जिंकल्याच्याही गोष्टी त्यांच्याकडे असतील. पण परक्या पाहुण्याला त्यांनी सांगितली ती ही.

घरी परतल्यावर जेवताना भावोजी भाच्याला म्हणाले, “तुला किती वेळा सांगितलं, लीड्सचा हो. जवळच तर आहे. आठ वेळा अजिंक्यपद मिळवलंय त्यांनी.” पोराने पोळीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, “पण मामा, लीड्स माझं गाव नाही ना!”

घास माझ्या घशात अडकला. कारण वर्षभरापूर्वी एक विद्यार्थिनी बी.ए.ला मराठी घ्यायचे म्हणून माझ्याकडे आली होती. मुलगी हुशार, वाचनाची आवड असलेली. मीच तिला म्हणालो होतो, “मराठी घेऊन पुढे काय करणार? दुसरं काहीतरी बघ.” वडीलकीने दिलेला तो सल्ला होता, अशी मी मनाची समजूत घातली होती. खरे म्हणजे रिकाम्या बाकांची मलाच लाज वाटू लागली होती. ज्या क्लबात मी उभी हयात खेळलो, त्याचेच तिकीट घेऊ नकोस, असे मी दारात उभा राहून सांगत होतो.

मी परत आलो आणि तिकडे त्याच वर्षी वेकफील्ड तळाला जाऊन वरच्या वर्गातून बाहेर पडले. १९९९ पासूनची जागा गेली. २००६ साली शेवटच्या दिवशी शेजारच्या कॅसलफर्डला २९-१७ असे हरवून जी टिकवली होती, तीच ही जागा. पण मॅट एलिस नावाच्या नव्या मालकाने क्लब हाती घेतला, डॅरिल पॉवेल प्रशिक्षक म्हणून आले आणि २०२४ मध्ये चक्र फिरले. जूनमध्ये वेम्ब्लीवर शेफील्डला ५०-६ असे हरवून ‘१८९५ कप’ जिंकला. ऑक्टोबरात टुलूजला ३६-० ने धूळ चारून दुय्यम वर्गाचे अजिंक्यपद घेतले.

तरीही वर चढायला तेवढे पुरेसे नव्हते. आता तिथेही क्लबांना श्रेणी देतात! खेळ, प्रेक्षक, पैसा, मैदान, गावाशी संबंध या साऱ्यांचे मिळून वीसपैकी गुण. नॅकची समिती येण्याआधी रात्र रात्र फायली लावलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून त्या क्लबाविषयी सख्ख्या भावाचा जिव्हाळा वाटला. वेकफील्डला ‘अ’ श्रेणी मिळाली आणि लंडनची जागा गेली.

वर चढलेल्याने पहिल्याच वर्षी खाली घसरावे, अशीच जगाची अपेक्षा असते. वेकफील्ड बारांत सहावे आले आणि बाद फेरीत पोहोचले. तिथे ली संघाने त्यांना २६-१० असे हरवले. मी सांत्वनासाठी फोन केला, तर भाचा म्हणाला, “त्यात काय मामा? पुढच्या वर्षी आपण आहोत!” त्याच्या ‘आपण’मध्ये मीही होतो, हे ऐकून बरे वाटले.

२०२३ च्या जूनपासून मराठी घेऊ पाहणाऱ्या कोणालाही मी परत पाठवलेले नाही. त्या पहिल्या मुलीला मात्र आता बोलावता येत नाही. ती दुसऱ्या शाखेत गेली, ती गेलीच. त्या सालच्या तुकडीत पाच जण आहेत. ताईचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात पेढे नेले.

“कशाचे, सर?” एकाने विचारले.

“सहावे आलो,” मी म्हणालो, “आणि जागा राहिली.”

कोणाला काही कळले नाही. पण पेढे संपले.