उचकी लागलेले इंजिन

वस्तू दुरुस्त करणे ही एक विद्या आहे आणि वस्तूला झाले आहे तरी काय, हे ओळखणे ही दुसरी. दोन्ही एकाच कारागिराच्या हाती असल्या तर सोन्याहून पिवळे. परंतु हल्ली पहिलीचा बाजार मोठा आणि दुसरीला गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था आहे. एक भाग काढावा, नवा बसवावा, बिल करावे. तेवढ्याने भागले नाही तर शेजारचा भाग काढावा. जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनाला लागणारी उचकी हे या दुसऱ्या विद्येचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे, असे आमचे मत गेल्या पावसाळ्यात झाले. ते कसे झाले, हे आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. गॅरेजवाले या उचकीला ‘मिसिंग’ म्हणतात. चालत्या इंजिनाचा एखादा ठोका मध्येच गळतो, पुढचा लागतो, पुन्हा दोन गळतात. आणि स्वाराच्या छातीतही तसेच काहीसे होते.

आमच्या तीर्थरूपांनी १९७४ साली बुलेट घेतली. ते कालवेखात्यात ओव्हरसियर होते. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले आणि काकरापारच्या कालव्यांना बारमाही पाण्याचा भरवसा आला. पलसाणे, बारडोली, नवसारी या टापूत ऊस पसरला आणि पाटाच्या कडेने रात्री-अपरात्री फिरणाऱ्या माणसास दणकट वाहनाची गरज पडू लागली. बुलेट हे नाव विलायतेत १९३२ पासूनचे. मद्रासला १९५५ साली तिची जुळणी सुरू झाली आणि विलायतेतील मूळ उद्योग १९७० च्या सुमारास बंद पडल्यावरही मद्रासची गाडी चालतच राहिली. एकच सिलिंडर, ३४६ घन सेंटिमीटरचे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ॲमीटरचा काटा मध्यावर आला की मगच किक मारावयाची, हा तिचा सोवळ्याचा विधी. आम्ही लहानपणी पेट्रोलच्या टाकीवर बसून या गाडीवरून अर्धा तालुका पाहिला आहे. पलसाणे हे गायकवाडीतील नवसारी प्रांताचे एक महाल. दप्तरी नोकरीच्या निमित्ताने आलेली आमच्यासारखी मराठी घरे येथे रुजली ती कायमचीच. आमच्या घरी त्या मुळांइतकीच ही गाडी जुनी वाटते.

तीर्थरूप गेल्यानंतर गाडी आमच्याकडे आली. गेल्या ज्येष्ठात तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी. तपासणीला न्यावी तर गाडी सहा-सात किलोमीटरपलीकडे जाईना. तोपर्यंत सुरळीत, आणि मग उचकी. रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चाले आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर अडे.

चिरंजीव सुरतेस नोकरीला असतात. त्यांनी दोन ठिकाणी गाडी नेऊन आणली. प्लग नवा, कार्बोरेटरचे सारे अंतरंग नवे, पेट्रोलची नळी नवी, बॅटरी नवी. चार हजार रुपये खर्ची पडले आणि उचकी होती तेथेच राहिली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता हिला जुन्या गाड्यांच्या वर्गात घालू. पन्नास वर्षे झालीच आहेत.” केंद्र सरकारने २०२१ साली तसा नियम केला आहे खरा. पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र असे वाहन नित्याच्या प्रवासास वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल एवढ्यापुरतेच रस्त्यावर आणावयाचे.

हे ऐकून आई माजघरातून म्हणाली, “अरे, त्यांची गाडी देव्हाऱ्यात बसवायची नाही. चालत असली तर चालव. नसली तर देऊन टाक भंगारात. दावणीला मेलेलं जनावर बांधून ठेवल्यागत ती अंगणात उभी राहिलेली मला पाहवत नाही.” आईचे वय अठ्ठ्याहत्तर. ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच तिचा शब्द टाळणे अवघड होते. प्रश्न आता एका यंत्राचा उरला नाही. तपासणीला तीन आठवडे होते. तेवढ्यात कारण सापडले तर गाडी घरात राहणार, न सापडले तर जाणार.

इंजिनाला जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि अचूक क्षणी ठिणगी. चार फेरीच्या इंजिनात दर दोन आवर्तनांमागे एक ठिणगी पडते. मिनिटाला चोवीसशे आवर्तने धरली तर बाराशे ठिणग्या, म्हणजे सेकंदाला वीस. अनेक सिलिंडरांच्या मोटारीत एकाने दडी मारली तर बाकीचे भार उचलतात. बुलेटच्या एकुलत्या एका सिलिंडरास तशी सोय नाही. त्याची प्रत्येक चूक गावाला ऐकू जाते.

चिरंजीवांचा संशय पेट्रोलवर होता आणि तो अगदीच वावगा नव्हता. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याचा बराचसा भाग आमच्या भोवतालच्या शेतांत डोलणाऱ्या उसासारख्याच उसापासून निघतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले तर ते पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसते. त्यातून पावसाळ्याचे दिवस. परंतु संशय आणि पुरावा यांत अंतर असते. आम्ही टाकीच्या तळचे पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून रात्रभर स्थिर ठेवले. सकाळी तळाशी निराळा थर नव्हता. पेट्रोल निर्दोष ठरले नाही, पण या गुन्ह्यापुरते सुटले.

कडोदऱ्याच्या चार रस्त्याजवळ एक वृद्ध मिस्त्री आहेत. दुकानावर पाटी नाही, हाताखाली पोरगा नाही. आम्ही त्यांना नव्या भागांची यादी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले. म्हणाले, “शुं थाय छे ए पछी कहेजो, साहेब, क्यारे थाय छे ए पहेलां कहो.” काय होते ते मागाहून सांगा, केव्हा होते ते आधी सांगा! तीस वर्षे वर्गात उभे राहून जे सूत्र आम्हांस इतक्या थोड्या शब्दांत मांडता आले नसते, ते त्यांनी ऑइलने माखलेले हात पुसता पुसता मांडले.

मग उलटतपासणी सुरू झाली. थंड असताना होते का? नाही. चढावर अधिक होते का? होते. ठोका हळूहळू मावळतो की एकदम तुटतो? एकदम. सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो का? वाजतो. मिस्त्री म्हणाले की पेट्रोल कमी पडते तेव्हा इंजिन दिव्यातील तेल संपल्यासारखे मंदावत जाते. ठिणगी चुकते तेव्हा ते कात्रीने कापल्यासारखे तुटते, आणि न जळलेले मिश्रण पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते.

तरीही त्यांनी घाई केली नाही. काही किलोमीटरनंतर अडणाऱ्या गाडीचा आणखी एक ओळखीचा गुन्हेगार असतो : टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र. ते बुजले की पेट्रोल खाली उतरताना टाकीत हवा शिरत नाही, पोकळी निर्माण होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. त्यांनी आम्हांस झाकण सैल ठेवून बारडोलीच्या वाटेवर पाठवले. उचकी आली तेथेच आली. एक नाव खोडले गेले. नंतर व्हॉल्व्हच्या टॅपेटचे अंतर इंजिन थंड असताना पाहिले. ते बरोबर होते. किकेवर पाय ठेवून दाब अजमावला, तोही उत्तम. दुसरे नाव गेले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावयाची, दुसरीला हात लावावयाचा नाही. चार भाग एकदम बदलले तर गाडी सुधारूनही माणूस अडाणीच राहतो.

उरली ठिणगी. सहा व्होल्टच्या बॅटरीतून प्लगच्या टोकावर हजारो व्होल्टचा दाब निर्माण करण्याची ही युक्ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारीत आली. हे गृहस्थ तरुणपणी खेड्यातील शाळेत शिक्षक होते, हे वाचून आमचा ऊर थोडा भरून आला होता. कॉइलमधून प्रवाह वाहत असतो. पॉइंट नावाचे दोन लहान धातूचे ओठ योग्य क्षणी विलग होतात, प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्याच्या धक्क्यातून कॉइलमध्ये मोठा दाब उभा राहतो. हे ओठ उघडतात ते पोस्टकार्डाच्या जाडीहून थोडेसे अधिक. इतक्या अरुंद फटीवरून प्रवाह उडी मारू पाहतो. ती उडी रोखण्याचे काम कंडेन्सरचे. अंगठ्याच्या पेराएवढी धातूची डबी; आत धातूच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये विजेला अडवणारा थर, गुंडाळून बसवलेला. हा थर म्हातारा झाला की थंडपणी काम करतो आणि उष्णता चढली की दगा देतो. मग जी वीज प्लगवर जावयाची, ती पॉइंटवरच जळून जाते.

मिस्त्रींनी गाडी तापवून आणावयास सांगितले. उचकी सुरू झालेलीच होती. त्यांनी शटर अर्धे खाली ओढून दुकानात अंधार केला आणि सिलिंडरमागील पॉइंटच्या डबीचे झाकण काढले. निरोगी पॉइंटवर बारीक निळी चमक दिसते; येथे पिवळट ज्वाळ फडफडत होती. पॉइंटचे ओठ काळे पडले होते. कॉइल बिघडली असती तर पॉइंट असे जळते ना, हेही त्यांनी समजावले. जुना कंडेन्सर सोडवून त्यांनी खणातील दुसरा तारेने बाहेरच्या बाहेर जोडला. इंजिन तसेच तापलेले होते. तरी ज्वाळ मालवली आणि ठोका पाटाच्या पाण्यासारखा एकसंध वाहू लागला.

आम्हांस वाटले, झाले. परंतु त्यांनी नवा काढून जुनाच पुन्हा जोडला. उचकी परत आली. पुन्हा नवा, पुन्हा गेली. आम्ही कारण विचारले तेव्हा म्हणाले, “एक वार सारुं थाय ते नसीब होय, साहेब, बे वार थाय तो कारण.” एकदा बरे झाले तर ते नशीब, दोनदा झाले तर कारण. त्या कंडेन्सरची किंमत सिनेमाच्या एका तिकिटाएवढीही नव्हती. दोष कोणाच्या कारागिरीचा नव्हता. पन्नास उन्हाळ्यांचा होता.

आमच्या शाळेतील एका वर्गशिक्षिकेचे येथे स्मरण होते. गिरणीकामगाराचा एक मुलगा लेखी परीक्षेत वारंवार नापास होई. सर्वांनी त्याच्यावर एकदम उपाय चालवले होते : जादा तास, शिकवणी, दटावणी, पालकांस निरोप. या बाईंनी ते सारे थांबवले आणि तो केव्हा चुकतो, एवढेच पंधरा दिवस टिपून ठेवले. तोंडी उत्तरे बरोबर. पुस्तकातून पाहून लिहिलेले बरोबर. चुका फक्त फळ्यावरून उतरवताना. त्यांनी त्याला मागच्या बाकावरून पहिल्या बाकावर आणले, चुका थांबल्या. चार दिवसांनी पुन्हा मागे बसवले, चुका परतल्या. मुलास चष्मा लागला होता. त्या बाईंनी इंजिन कधी उघडले नसेल आणि मिस्त्रींनी खडू कधी हाती धरला नसेल, पण दोघांची विद्या एकच. ‘ढ’ हा शेरा आणि ‘भंगार’ हा शेरा, दोन्ही केव्हा हा प्रश्न न विचारता दिले जातात.

मिस्त्रींनी नवा कंडेन्सर पक्का बसवला, पॉइंट घासून फट मापली आणि आमच्याकडून फार थोडे पैसे घेतले. त्यांच्यानंतर त्या दुकानात कोणी बसणार नाही. नव्या गाड्यांत पॉइंटही नाहीत आणि कंडेन्सरही. तेथे दोष सांगणारे यंत्रच वेगळे असते, आणि ते अनेकदा अचूकही असते. त्यात वाईट काही नाही. मात्र यंत्राने सांगितलेल्या दोषावरही ‘केव्हा’ आणि ‘दोनदा’ हे दोन प्रश्न विचारणारा माणूस कोणी तरी घडवावा लागेल. शाळा उघडताच नववीच्या मुलांपुढे आम्ही तो जळका पॉइंट आणि निकामी कंडेन्सर ठेवला. एका मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, थंड असताना चालत होती, मग गरम झाल्यावर आत काय बदललं?” त्या तासाचे चीज झाले.

तपासणीच्या दिवशी गाडी बारडोलीस गेली आणि मध्ये कोठेही न थांबता परत आली. नूतनीकरण पाच वर्षांचे मिळाले. आम्ही फाटकापाशी पोहोचलो तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “कोपऱ्यावर वळलास तेव्हाच कळलं. ठोका बरोबर आहे आता.” आणि सूप पुढे सरकवून पुन्हा खडे वेचू लागली.