बुऱ्हाणपूरचे तीस बाइट

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर शहरात राजपुरा नावाची वस्ती आहे; ते नाव हिंदीत आणि मराठीत एकसारखेच लिहितात. शहराच्या नावाचे तसे नाही. हिंदीत बुरहानपुर, मराठीत बुऱ्हाणपूर. अर्धा र, मग ण, मग दीर्घ पू. वाचणाऱ्याचे यात काही अडत नाही. संगणकाचे अडते, कारण त्याच्या लेखी ही दोन नावे म्हणजे आकड्यांच्या दोन वेगळ्या रांगा आहेत.

*

संगणकाच्या पोटात अक्षर नसतेच. असतात शून्य आणि एक. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे माणसांनी बसून ठरवले. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतात सात बिटांच्या १२८ जागा होत्या. रोमन कॅपिटल ए म्हणजे ६५, द्विमान पद्धतीत १०००००१. देवनागरीला त्यात जागा नव्हती.

*

१९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड संकेताची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५, ळ चा २३५५.

*

बुऱ्हाणपूर हे मराठी नाव मोजून पाहावे. ब, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ण, प, दीर्घ ऊकार, र. झाले दहा संकेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणून बुऱ्हाणपूरचे तीस. हिंदी बुरहानपुरचे सत्तावीस. रोमन लिपीत लिहिले तर अवघे नऊ. उर्दू अक्षरांना प्रत्येकी दोन.

एका एसएमएसमध्ये रोमन मजकुराची १६० अक्षरे मावतात, देवनागरीचे ७० संकेत. मराठीत निरोप धाडणाऱ्याने आटोपशीर लिहिलेले बरे.

*

कृतिदेव हा मध्य प्रदेशातल्या हिंदी टंकनाचा जुना सोबती. हा फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवतो. त्यात राजपुरा म्हणजे जे, के, टी, आय, क्यू, जे, के. फाँट आहे तोवर राजपुरा दिसतो. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे फाँट नसला, की ही सात रोमन अक्षरे उघडी पडतात. शोधणाऱ्या यंत्राला तर तिथे राजपुरा कधी दिसलेलाच नसतो. श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत टंकलेल्या मराठी मजकुराचीही गत हीच. स्मरणिका, कुलवृत्तान्त, मंडळांचे अहवाल अशा फाइलींत अडकून पडतात.

*

कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची, व्यंजन मग. डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, वेलांटी मग. जिभेवर येते त्या क्रमाने. जुन्या टंकलेखकांची बोटे इथे अडखळतात.

*

आता तो अर्धा र. बरेच जण साधा र, हलन्त आणि ह टंकतात. मग रफार डोक्यावर चढतो आणि बुर्हाणपूर होते. दर्या आणि दऱ्या यांतला फरक जाणणाऱ्या मराठी माणसाला हे खटकायला हवे. योग्य मार्ग ऱ चा, त्याचा क्रमांक २३५३. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे, तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो. पुढे हलन्त, मग ह.

आणखी एक जुनी वाट आहे. र, हलन्त आणि त्यामागे 'झीरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारे चिन्ह. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच, आत संकेत निराळे: बुऱ्हाणपूरचे एकात दहा, दुसऱ्यात अकरा. म्हणून साध्या शोधात एक टाकले की दुसरे सापडेलच असे नाही.

*

मराठी ल आणि हिंदी ल यांची वळणे वेगळी, पण संकेत एकच. तिथे वळण ठरवणे हे फाँटचे काम. ळ ची अडचण दुसरीच. युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच मागे बसला आहे, आपल्या वर्णमालेत ह नंतर येतो. नुसत्या आकड्यांनी यादी लावली तर मराठी कोशाचा क्रम बिघडतो. त्यासाठी मराठीचे नियम वेगळे द्यावे लागतात.

*

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. एक उजवीकडून डावीकडे, दुसरा डावीकडून उजवीकडे. आज ही दोन्ही लेखने एका फाइलीत बसतात. युनिकोड दोन्हींचे संकेत वाचनाच्या क्रमानेच साठवतो. कोणती ओळ कुठल्या बाजूने मांडायची, ते पडद्यावर दाखवताना ठरते.

मराठीची जुनी मोडी लिपी मात्र १९९१ च्या युनिकोडात नव्हती. ती आली २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. यूटीएफ-८ मध्ये तिच्या एकेका अक्षराला चार बाइट लागतात.

*

घरात जुन्या फाँटमधल्या फाइली असतील तर फाँट हाताशी आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. अर्धा र तिथे चुकण्याची शक्यता असते. आणि बुऱ्हाणपूरविषयी मराठीत काही शोधायचे असेल तर ऱ चे, रफाराचे आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाचे अशी तिन्ही लेखने टाकून पाहा. लिहिताना मात्र ऱ चेच वापरा.